हक्कांचा वाद आणि घटनादुरुस्ती

भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्या रचनेसाठी घटना समितीने जवळजवळ तीन वर्षे खर्ची घातली होती. एकेका कलमावर, प्रसंगी एकेका शब्दावर, दीर्घ ऊहापोह झाला होता. इतक्या विचारान्ती सिद्ध झालेला हा ग्रंथ निदान एक पिढी तरी जसाच्या तसा राहील, असे कोणाला वाटले असल्यास नवल नाही. प्रत्यक्षात सतरा महिने पुरे होण्यापूर्वीच, १८ जून १९५१ रोजी, तिची पहिली दुरुस्ती झाली. आणि ती झाली मुख्यतः नागरिकांच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात. २०२३ सालापर्यंत अशा एकशे सहा दुरुस्त्या झाल्या. त्यांतील पुष्कळशा कारभाराच्या सोयीसाठी केलेल्या आहेत व त्यांची वार्ताही सामान्य माणसाच्या कानी गेली नाही. काही मात्र अशा आहेत की, त्यांच्या निमित्ताने सरकार, संसद, न्यायालये आणि नागरिक यांच्यात वर्षानुवर्षे वाद झडले. हे वाद बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले : नागरिकाला दिलेला हक्क बहुमताच्या बळावर काढून घेता येतो काय?

प्रथम घटना बदलण्याची रीत पाहू. घटनेतील काही गोष्टी साध्या कायद्याने बदलतात. नव्या राज्याची निर्मिती ही त्यांपैकीच एक होय. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले ते संसदेच्या साध्या बहुमताने संमत झालेल्या कायद्याने. ज्या मागणीसाठी एवढे मोठे आंदोलन झाले, तिच्या पूर्ततेला विशेष बहुमताची गरज लागली नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. परंतु घटनेच्या बहुतेक कलमांना हात लावावयाचा झाल्यास ३६८ व्या कलमाची वाट धरावी लागते. लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांत तेथे दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. मत देणाऱ्या सदस्यांपैकी दोन तृतीयांश सदस्य दुरुस्तीच्या बाजूचे असले पाहिजेत. शिवाय त्यांची संख्या सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक असली पाहिजे. लोकसभेच्या ५४३ जागा आहेत. समजा, ४५० सदस्यांनी मतदान केले, तर ३०० मते लागतील. उलट ३९० सदस्यांनीच मतदान केले, तर दोन तृतीयांश म्हणजे २६० मते होतात. पण ती पुरणार नाहीत, कारण ५४३ च्या निम्म्याहून अधिक म्हणजे निदान २७२ मते हवीतच. केंद्र व राज्ये यांच्या अधिकारांशी संबंध असलेली कलमे बदलावयाची असल्यास याशिवाय निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांचीही संमती घ्यावी लागते. घटना अगदी ताठर होऊ नये आणि अगदी लवचीकही होऊ नये, अशा हेतूने ही योजना केलेली आहे. ज्यांना ही घटना पसंत नाही त्यांना दोन तृतीयांश बहुमत मिळविणे एवढेच करावयाचे आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात सांगितले होते.

परंतु याच घटनेत १३ वे कलम आहे. मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कोणताही कायदा राज्यसंस्थेने करू नये, आणि केल्यास तो तेवढ्यापुरता रद्द समजावा, असे ते कलम म्हणते. आता प्रश्न असा की, घटनादुरुस्ती हाही एक ‘कायदा’च आहे काय? तो कायदा असेल तर संसदेला हक्कांच्या प्रकरणाला कात्री लावता येणार नाही. तो कायदा नसेल, कायद्याहून काही वेगळेच असेल, तर १३ व्या कलमाची तटबंदी त्याला अडवू शकणार नाही. एका शब्दाच्या अर्थाचा हा प्रश्न वरवर वैयाकरणी वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर लक्षावधी लोकांची जमीन अवलंबून होती.

पहिल्या दुरुस्तीला तीन निमित्ते झाली. मुंबईहून ‘क्रॉसरोड्स’ नावाचे डाव्या विचारांचे एक साप्ताहिक प्रसिद्ध होत असे. मद्रास सरकारने सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणावरून त्याला आपल्या प्रांतात बंदी केली. त्याच सुमारास दिल्लीत ‘ऑर्गनायझर’ या अगदी विरुद्ध विचारांच्या साप्ताहिकावर, मजकूर छापण्यापूर्वी तो सरकारी अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावा, असा हुकूम बजावण्यात आला. दोन्ही प्रकरणांचे निकाल सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५० या एकाच दिवशी दिले आणि दोन्ही हुकूम रद्द ठरविले. राज्याची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या लिखाणाला आळा घालण्याची मुभा घटनेने दिली आहे. पण सार्वजनिक सुव्यवस्था ही त्याहून पुष्कळ व्यापक गोष्ट असून तिच्या नावाखाली मतस्वातंत्र्य रोखता येणार नाही, असा त्या निकालांचा आशय होता. राजकारणाच्या दोन टोकांना असलेल्या दोन पत्रांना एकाच दिवशी एकाच ढालीने वाचविले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरे निमित्त मद्रास प्रांतातील महाविद्यालयीन प्रवेशाचे. वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दर चौदा जागांची तेथे जातवार व धर्मवार वाटणी केलेली होती. ती समतेच्या हक्काशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ९ एप्रिल १९५१ रोजी ठरविले. निकाल घटनेच्या शब्दांना धरून होता. पण पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणापासून वंचित राहिलेल्या वर्गांसाठी काही विशेष तरतूद करण्याचा मार्गच त्याने बंद झाला.

तिसरे निमित्त सर्वांत मोठे, आणि ते म्हणजे जमीन. बिहारात जमीनदारी नष्ट करणारा कायदा झाला. जमीनदारांना भरपाई द्यावयाची ती अशी की, लहान जमीनदाराला त्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या वीसपट आणि जो जितका मोठा त्याला तितकी कमी पट, सर्वांत मोठ्याला अवघी तीन पट. दरभंग्याच्या महाराजांनी या कायद्याला आव्हान दिले. एकाला वीसपट आणि दुसऱ्याला तीनपट ही समता नव्हे, असे म्हणून पाटण्याच्या उच्च न्यायालयाने मार्च १९५१ मध्ये तो कायदा रद्द केला. ज्या समतेच्या हक्काकडे भूमिहीन मनुष्य आशेने पाहत होता, तोच हक्क देशातील एका अतिश्रीमंत जमीनदाराच्या हाती शस्त्र म्हणून आला. न्यायालयाचे काही चुकले असे म्हणता येत नाही. कलमाचे शब्द श्रीमंत व गरीब असा भेद करीत नव्हते.

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी मे १९५१ मध्ये घटनादुरुस्तीचे विधेयक मांडले. त्या वेळी देशात पहिली सार्वत्रिक निवडणूकही झालेली नव्हती. जी हंगामी संसद होती ती प्रौढ मतदानाने निवडून आलेली नव्हती. मग अशा संसदेने जनतेच्या मूलभूत हक्कांना हात लावावा काय, निवडणुकीपर्यंत थांबल्याने काय बिघडणार आहे, असा प्रश्न डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी, पंडित हृदयनाथ कुंझरू आदी सदस्यांनी विचारला. सरकारपक्षाचे म्हणणे असे की, शेतकरी पुष्कळ दिवस थांबला आहे. कज्जेदलालीत आणखी वर्षे गेली तर जमीनसुधारणेचा विचारच मातीमोल होईल. कायदामंत्री या नात्याने डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीचा पुरस्कार केला. दोन्ही बाजूंचे मुद्दे वजनदार होते. आणि त्या वादातून निदान एक उत्तम गोष्ट निष्पन्न झाली. मूळ विधेयकात भाषणस्वातंत्र्यावर ‘निर्बंध’ घालण्याचा अधिकार सरकारला दिलेला होता. विधेयक प्रवर समितीकडे गेले तेव्हा त्या शब्दामागे ‘वाजवी’ हे विशेषण जोडण्यात आले. या एका विशेषणाने पुष्कळ अंतर पडले. नुसते ‘निर्बंध’ असते तर ते घालावेत की नाहीत, किती घालावेत, हे सरकारनेच ठरविले असते. ‘वाजवी निर्बंध’ म्हटल्याबरोबर ते वाजवी आहेत की नाहीत हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाकडे आला, आणि न्यायालयाचा दरवाजा ठोठावण्याची सोय नागरिकाला झाली. आजतागायत भाषणस्वातंत्र्याचे बहुतेक खटले या एका शब्दावर लढले जातात. विरोधकांना मतदानात केवळ वीस मते मिळाली आणि बाजूची मते दोनशे अठ्ठावीस होती. तथापि त्या विरोधाची खूण घटनेत कायमची उमटली.

याच दुरुस्तीने मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करण्यास मुभा देणारा मजकूर पंधराव्या कलमात घातला आणि घटनेला नववी अनुसूची जोडली. या अनुसूचीत ज्या कायद्याचे नाव लिहिले जाईल तो कायदा मूलभूत हक्कांना बाधक आहे म्हणून रद्द होणार नाही, अशी ही योजना. आरंभी तीत तेरा कायदे होते. त्यांची यादी वाचली म्हणजे मराठी मुलखाचा जमिनीचा इतिहासच डोळ्यांपुढे उभा राहतो. बिहारच्या कायद्यापाठोपाठ दुसरेच नाव आहे ते मुंबई राज्याच्या १९४८ सालच्या कुळकायद्याचे. पुढे कोकणातील खोती नष्ट करणारा कायदा आहे. परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा आहे. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्या राज्याचा मालगुजारी व तत्सम हक्क संपविणारा कायदा आहे. मराठवाडा हैदराबादेत होता, तेथील जहागिऱ्या रद्द करणारा कायदा आहे. खोती पद्धती नष्ट व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत १९३७ साली विधेयक मांडले होते. ते तेव्हा तडीस गेले नाही. चौदा वर्षांनी खोतीनिर्मूलनाचा कायदा घटनेच्या अनुसूचीत जाऊन बसला. कुळकायद्यात १९५६ साली मोठी सुधारणा झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून, काही अपवाद वगळता, कसणारी कुळे आपण कसत असलेल्या जमिनीची मालक मानली गेली. सातबाराच्या उताऱ्यावर त्यानंतर ज्यांचे नाव मालक म्हणून चढले, त्यांच्या दृष्टीने पहिली घटनादुरुस्ती ही पुस्तकी गोष्ट नव्हती.

अर्थात जमीनदार स्वस्थ बसले नाहीत. संसदेला मूलभूत हक्क बदलताच येत नाहीत, असे म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५१ साली न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले : घटनादुरुस्ती ही १३ व्या कलमातील ‘कायदा’ नव्हे. १९६४ साली पुन्हा तोच प्रश्न आला आणि उत्तर पुन्हा तेच मिळाले. परंतु या वेळी पाचांपैकी दोन न्यायमूर्तींनी शंका प्रकट केली. त्यांपैकी न्यायमूर्ती मुधोळकर यांनी विचारलेला प्रश्न मोठा दूरदर्शी होता. घटनेची काही मूलभूत वैशिष्ट्ये असतात. त्यांत बदल करणे याला घटनेची दुरुस्ती म्हणावयाचे, की तिचा काही भाग नव्याने लिहिणे म्हणावयाचे? त्या दिवशी या प्रश्नाने निकाल बदलला नाही; तो कागदावर राहिला आणि पुढे नऊ वर्षांनी उगवला.

त्याआधी गोलकनाथ खटला झाला. पंजाबातील जालंदरच्या एका कुटुंबाची पाचशे एकरांहून अधिक जमीन कमाल जमीनधारणेच्या कायद्यात सापडली. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकरा न्यायमूर्तींपैकी सहांच्या बहुमताने आपले जुने मत बदलले. यापुढे संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती करता येणार नाही, असे सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी जाहीर केले. मात्र पूर्वीच्या दुरुस्त्या चालू राहतील, असेही सांगितले. म्हणजे कुळांची जमीन वाचली, पण पुढची वाट बंद झाली.

या निकालावर देशभर वाद झाला. त्यात एक मराठी नाव ठळकपणे पुढे आले. कोकणातील राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅरिस्टर नाथ पै हे विरोधी पक्षाचे. तरीही घटनेचा कोणताही भाग, मूलभूत हक्कसुद्धा, दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार पुनःस्थापित करणारे विधेयक १९६७ साली मांडले ते त्यांनी. लोकांनी निवडून दिलेल्या सभेचे हात लोकांच्याच नावाने बांधून ठेवणे लोकशाहीत बसत नाही, अशी त्यांची भूमिका होती. विरुद्ध बाजूने विचारले जाई की, आजचे बहुमत सद्‌भावनेचे असेल, उद्याचे कसे असेल हे कोणी सांगावे? नाथ पै यांचे विधेयक संमत होण्यापूर्वीच जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून संसदेला तो अधिकार दिला.

त्या दुरुस्तीची परीक्षा ज्या खटल्यात झाली तो केशवानंद भारती खटला होय. केरळात कासरगोडजवळ एडनीर येथे एक जुना मठ आहे. राज्याच्या जमीनसुधारणा कायद्याने मठाची जमीन जाणार, म्हणून मठाधिपती केशवानंद भारती यांनी १९७० साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मठाच्या जमिनीचा हा प्रश्न पाहता पाहता देशाच्या घटनेचा प्रश्न झाला. तेरा न्यायमूर्तींचे पीठ बसले. एवढे मोठे पीठ त्यापूर्वी कधी बसले नव्हते. ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेली सुनावणी मार्च १९७३ पर्यंत चालली. कामकाजाचे दिवसच अडुसष्ट भरले. अर्जदारांच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळ राज्याच्या बाजूने एच. एम. सीरवाई असे मुंबईचे दोन नामांकित कायदेपंडित समोरासमोर उभे राहिले.

पालखीवालांच्या युक्तिवादाचा गाभा उदाहरणाने असा सांगता येईल. जुन्या वाड्याच्या मालकाने गवंड्याला डागडुजी करावयास सांगितले. गवंडी भिंत सारवील, कौले बदलील, फार तर एखादी नवी खिडकी पाडील. पण त्याने खांब व तुळया काढून वाडाच जमीनदोस्त केला आणि त्या जागी दुसरेच काही बांधले, तर त्याला डागडुजी म्हणता येईल काय? संसद ही घटनेने निर्माण केलेली आहे. दुरुस्तीच्या अधिकारात घटनाच मोडून टाकण्याचा अधिकार येत नाही. सीरवाईंची बाजू याहून दुबळी नव्हती. दुरुस्तीच्या अधिकाराला कोणतीही मर्यादा घटनेत लिहिलेली नाही. जी लिहिलेली नाही ती न्यायमूर्तींनी शोधून काढली, तर खांब कोणता आणि कौल कोणते हे ठरविणार कोण? ज्यांना जनतेने निवडलेले नाही असे काही विद्वान! हा आक्षेप आजही पुरता निरुत्तर झालेला नाही.

२४ एप्रिल १९७३ रोजी निकाल लागला. अकरा वेगवेगळी निकालपत्रे होती. सात न्यायमूर्ती एका बाजूला, सहा दुसऱ्या. संसदेला घटनेचे कोणतेही कलम, मूलभूत हक्कांचेसुद्धा, दुरुस्त करता येईल. परंतु घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, असे बहुमताने ठरले. म्हणजे गोलकनाथ निकाल गेला, चोविसावी दुरुस्ती टिकली, आणि तरीही संसदेच्या अधिकाराला एक सीमा पडली. मालमत्तेचा हक्क या चौकटीत बसत नाही, असे निर्णायक मत देणाऱ्या न्यायमूर्ती खन्नांनी पुढे स्पष्ट केले. ज्या जमिनीसाठी खटला उभा राहिला तिचे रक्षण या तत्त्वाने झाले नाही. मठाधिपतींच्या नावावर राहिले ते एक तत्त्व. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सरन्यायाधीश सिक्री निवृत्त झाले आणि तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून चौथ्यांची त्या पदावर नेमणूक झाली. डावललेले तिघेही बहुमतातील होते, नेमलेले न्यायमूर्ती अल्पमतातील. यावरून या निकालाने सत्ताधाऱ्यांना किती बोचले होते याची कल्पना यावी.

या तत्त्वाचे मोल कळावयास फार काळ लागला नाही. २५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी पुकारली गेली. विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते. त्या स्थितीत ऑगस्टमध्ये एक घटनादुरुस्ती काही दिवसांतच संमत झाली. पंतप्रधानांच्या निवडणुकीसंबंधीचा वाद न्यायालयात चालूच नये, अशी तिची तरतूद होती. पुढील वर्षी बेचाळिसावी दुरुस्ती आली. घटनेच्या इतक्या कलमांना हात घालणारी दुरुस्ती दुसरी नाही. तिच्यात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये होती; पण कोणत्याही घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे वाक्यही होते. गवंड्याने काय पाडावे हे विचारणाराच कोणी उरू नये, असा त्याचा अर्थ होतो.

येथे एका न्यायमूर्तीची गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णू चंद्रचूड हे १९७३ च्या पीठावर होते आणि मूलभूत चौकटीच्या तत्त्वाला विरोध करणाऱ्या सहांपैकी एक होते. परंतु निकाल बहुमताचा लागला म्हणजे तो कायदा झाला, असे मानून १९७५ साली पंतप्रधानांच्या निवडणुकीच्या खटल्यात त्यांनी तेच तत्त्व लागू केले. ३१ जुलै १९८० रोजी, बंगळूरच्या मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात, बेचाळिसाव्या दुरुस्तीतील ते वाक्य रद्द करणारा निकाल सरन्यायाधीश म्हणून लिहिला तोही त्यांनीच. मर्यादित अधिकार असलेल्या संसदेने त्याच अधिकाराचा वापर करून स्वतःला अमर्याद करून घेऊ नये, असे त्या निकालाचे सार आहे. आपल्याला न पटलेल्या तत्त्वाचे रक्षण आपल्याच हाताने करण्याची ही वृत्ती विरळा होय. त्याच चंद्रचूडांनी १९७६ साली, आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या नागरिकाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही, या बहुमताच्या निकालावर सही केली होती, हेही सांगावयास हवे. त्या खटल्यात एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध गेले.

तो निकाल पुढे फिरला तो प्रथम घटनादुरुस्तीने. १९७८ सालच्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने असे ठरविले की, आणीबाणीतसुद्धा जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित होणार नाही. दुरुस्तीने हक्क जातात, तसे दुरुस्तीनेच ते परतही येतात. याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकला. ज्याच्या पायी तीस वर्षे संसद आणि न्यायालय झुंजले, तो हक्क २० जून १९७९ पासून फारसा गाजावाजा न होता यादीबाहेर गेला. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेतली जाणार नाही, एवढे एक कलम त्याच्या जागी उरले. तेही निरुपयोगी नाही. हिमाचल प्रदेशात एका निरक्षर विधवेची जमीन सरकारने १९६७ च्या सुमारास रस्त्यासाठी घेतली आणि तिला मोबदला दिला नाही. आपल्याला काही मागता येते हेच तिला ठाऊक नव्हते. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर तिने दाद मागितली आणि जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे तिला भरपाई देवविली. मालमत्तेचा हक्क म्हणजे जमीनदारांचा हक्क, अशी १९५१ साली जी समजूत होती, ती या खटल्यात अपुरी ठरली.

घटनादुरुस्तीने नवा हक्क दिला गेल्याचेही एक ठळक उदाहरण आहे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे विधेयक गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात मांडले होते. ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली असा कायदा केला. राज्यघटनेने मात्र शिक्षण हा हक्क म्हणून दिला नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकारने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व तेवढे सांगितले. दहा वर्षे १९६० साली संपली. पुढे चार दशके लोटली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले, आणि अखेर २००२ साली शहाऐंशीव्या दुरुस्तीने ‘एकवीस-क’ हे कलम घटनेत आले : सहा ते चौदा वर्षे वयाच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण. त्याला अनुसरून २००९ साली कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला.

हा हक्क कोणाच्या विरोधात नाही असे वाटेल. पण तोही वादाशिवाय आला नाही. कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात असे ठरविले. आपली संस्था आपल्या मताप्रमाणे चालविण्याचा आम्हालाही हक्क आहे, असे म्हणत शाळाचालक न्यायालयात गेले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळून, ही तरतूद कायम केली. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या पंचवीस टक्क्यांतून सूट देण्यात आली. पालकांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. सहा वर्षांखालील बालकांचे आणि चौदा वर्षांपुढील मुलांचे शिक्षण अद्याप या कलमाबाहेर आहे. आठवीचा वर्ग ओलांडलेल्या मुलामुलींचा त्यात समावेश व्हावा, अशी मागणी शिक्षणक्षेत्रातील अनेकजण करीत असतात. हा हक्क घटनेतच विस्तारावयाचा झाल्यास त्यालाही ३६८ व्या कलमाचीच वाट धरावी लागेल.